आहारजन्य लठ्ठपणात प्रथिनं कशी बदलतात: उंदरांवर पहिलाच प्रोटिओमिक्स प्रयोग करणाऱ्यांसाठी

सोळा आठवडे उंदरांना चरबीचं खाद्य दिलं, लिव्हर काढली, मास स्पेकवर (प्रथिनांचे तुकडे वजनावरून ओळखणाऱ्या मशीनवर) चालवली आणि बदललेल्या प्रथिनांची लांबलचक यादी हातात आली. प्रगती बैठकीत कमिटीतल्या मॅडमनी एकच गोष्ट विचारली, "कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेच्या गटातल्या उंदरांना काय खायला होतं?" मी म्हटलं, "नेहमीचं चाऊ, मॅडम." त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग यातला कुठला बदल चरबीमुळे आणि कुठला गहू-सोयाबीनमुळे, हे तू कसं सांगणार?"

सांगता येत नव्हतं. सगळं पुन्हा केलं.

तोवर माझी समजूत अशी होती की प्रोटिओमिक्स (एका नमुन्यातली हजारो प्रथिनं एकत्र मोजणं) म्हणजे मशीन. चांगलं मशीन मिळालं की चांगला निकाल. दुसऱ्या खेपेला कळलं की या प्रयोगाचा निकाल बराचसा खाद्याच्या भांड्यात आणि विच्छेदनाच्या टेबलावर आधीच ठरून गेलेला असतो. म्हणून या लेखात मशीनबद्दल थोडं आणि त्याआधीच्या कामांबद्दल जास्त लिहिलंय. ज्यांचं हे पहिलंच वर्ष आहे त्यांनी उंदीर मागवण्याआधी वाचावं.

१. प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

"लठ्ठपणात कोणती प्रथिनं बदलतात?" हा प्रश्न कामाचा नाही, कारण त्याचं उत्तर ऊतकागणिक (टिश्यूगणिक) आणि आठवड्यागणिक वेगळं येतं. वहीत असं वाक्य लिहा: "वयाच्या सहाव्या आठवड्यापासून १६ आठवडे ६० टक्के चरबीचं खाद्य दिलेल्या नर उंदरांच्या यकृतात, त्याच रचनेच्या कमी चरबीच्या खाद्याशी तुलना करता, कोणती प्रथिनं कमी-जास्त होतात?" वय, कालावधी, खाद्य, लिंग, ऊतक आणि कंट्रोल, सगळं त्यात आलं पाहिजे. एखादी गोष्ट लिहिता येत नसेल तर ती अजून ठरलेली नाही, असं समजा.

पहिल्या प्रयोगासाठी माझा सल्ला यकृताचा. ते मोठं असतं, एकजिनसी असतं आणि त्यातून प्रथिनं भरपूर निघतात. चरबीची ऊतकं जास्त रंजक, पण हाताळायला त्रासदायक. रक्तरसाचा मोह सगळ्यांना होतो, कारण थेंबभर रक्त काढणं सोपं वाटतं. पण रक्तरसातलं निम्म्याहून अधिक प्रथिन एकटं अल्ब्युमिन असतं आणि वीस-बावीस प्रथिनं मिळून ९९ टक्के वाटा उचलतात. तुम्हाला हवं ते लेप्टिन (चरबीच्या पेशींचं संप्रेरक) त्या गर्दीत मास स्पेकला सहजासहजी दिसत नाही. त्यासाठी एलायझा (एकच प्रथिन अँटिबॉडीने मोजणारी चाचणी) करा, स्वस्तात आणि खात्रीने होईल.

२. परवानगी आणि कागदपत्रं

भारतात काम करत असाल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची, म्हणजे आयएईसीची मंजुरी मिळाल्याशिवाय एकही उंदीर मागवता येत नाही. त्यामागे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे प्राणिप्रयोगांचे नियम आहेत. देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीला जुनी मंडळी अजून सीपीसीएसईए म्हणतात, आता ती सीसीएसईए आहे. समितीच्या बैठका वर्षातून मोजक्याच होतात. एक बैठक हुकली की पुढच्या बैठकीपर्यंत हात बांधलेले राहतात, म्हणून तारीख आधी विचारून ठेवा.

फाइलमध्ये हे असू द्या:

- फॉर्म बी. उंदरांच्या संख्येचं गणित त्यात मांडलेलं हवं. "मागच्या विद्यार्थ्याने आठ घेतले होते" हे कारण चालत नाही.
- आयएईसीचं मंजुरीपत्र आणि त्याचा क्रमांक. शोधनिबंधात तो द्यावा लागतो.
- नोंदणीकृत पुरवठादाराचं पत्र, त्यावर उंदरांच्या जातीचं पूर्ण नाव आणि आरोग्य अहवाल.
- दोन्ही खाद्यांची घटक-तक्ता पत्रकं आणि बॅच क्रमांक.
- कोणता उंदीर कोणत्या गटात गेला, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवल्याची नोंद.
- मास स्पेक सुविधेशी झालेला पत्रव्यवहार: किती सँपल, किती मायक्रोग्रॅम, कोणत्या द्रावणात.

शेवटचा कागद लोक शेवटी करतात. तो सुरुवातीला करा. तुमच्या संस्थेत मशीन नसेल तर आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणं शोधता येतात. मुंबईत आयआयटी आणि बंगळुरूला सी-कॅम्प यांच्याकडे प्रोटिओमिक्सच्या सुविधा आहेत. त्यांना सँपल कसं हवं हे आधी कळलं तर लायसिस बफर (पेशी फोडायचं द्रावण) त्या हिशेबाने निवडता येतो.

३. उंदीर निवडताना

या कामाचा नेहमीचा उंदीर म्हणजे सी५७ब्लॅक/६जे जातीचा नर. चरबीच्या खाद्यावर तो लठ्ठ होतो, त्याची साखर वाढते. ए/जे जातीचा उंदीर तेच खाद्य खाऊन बराचसा धडधाकट राहतो. मादीही लठ्ठ होते, पण हळू आणि कमी. मादी घ्यायची असेल तर कालावधी वाढवा, आणि दोन्ही लिंगं घेणार असाल तर प्रत्येकाचा कंट्रोल वेगळा ठेवा.

इथला मोठा सापळा एका अक्षराचा आहे. ६जे आणि ६एन या दोन उपजाती सारख्याच काळ्या दिसतात, पण ६जेमध्ये एनएनटी या मायटोकॉन्ड्रियातल्या एन्झाइमचं जनुक तुटलेलं आहे. कंट्रोल एका पुरवठादाराकडून आणि लठ्ठ उंदीर दुसऱ्याकडून घेतले, आणि त्यात ६एन-६जेची सरमिसळ झाली, तर यादीत एनएनटी भलताच ठळक बदललेला दिसेल आणि तुम्ही त्यावर चर्चेचा परिच्छेद लिहून बसाल. सगळे उंदीर एकाच ठिकाणचे, एकाच खेपेचे, एका वयाचे घ्या. आल्यावर आठवडाभर स्थिरावू द्या आणि मग गटात वाटा.

ओब/ओब उंदीर किंवा हैदराबादच्या एनआयएनमधला (राष्ट्रीय पोषण संस्थेतला) डब्ल्यूएनआयएन/ओब हा मोठ्या जातीचा उंदीर, म्हणजे रॅट, हे आपोआप लठ्ठ होतात, त्यांचा दोष जनुकात आहे. ओब/ओबमध्ये तर लेप्टिन तयारच होत नाही, आणि आहाराने लठ्ठ झालेल्यात ते उलट खूप वाढलेलं असतं. त्यांच्यावरचे निष्कर्ष वाचा जरूर, पण तुमच्या यादीशी सरसकट जुळवू नका.

आणखी एक. एका पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे त्यांचे आतड्यातले जिवाणू सारखे होत जातात. दहा लठ्ठ उंदीर दोनच पिंजऱ्यांत ठेवले तर संख्या दहा असली तरी खऱ्या अर्थाने स्वतंत्र निरीक्षणं दोनच्या जवळ जातात. प्रत्येक गटाला किमान चार-पाच पिंजरे द्या.

४. खाद्य: इथे घाई करू नका

सर्वाधिक वापरलं जाणारं खाद्य डी१२४९२. त्यात ६० टक्के कॅलरी चरबीतून येतात, मुख्यतः डुकराच्या चरबीतून आणि थोड्या सोयाबीन तेलातून. हे ६० टक्के कॅलरीचे आहेत, वजनाचे नाहीत. वजनाने चरबी सुमारे ३५ टक्के भरते. शोधनिबंधात हे दोन आकडे सर्रास एकमेकांच्या जागी लिहिले जातात. ४५ टक्क्यांचं डी१२४५१ माणसाच्या आहाराच्या जास्त जवळ आहे, पण परिणाम दिसायला वेळ घेतं.

आता कंट्रोल. चाऊ म्हणजे गहू, मका, सोयाबीन वगैरे धान्यांचा भरडा. त्यात विरघळणारा आणि न विरघळणारा असा दोन्ही प्रकारचा चोथा असतो, सोयाबीनमधली इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं असतात, आणि बॅचगणिक घटक बदलतात. चरबीचं खाद्य शुद्ध घटकांचं असतं: केसीन, स्टार्च, साखर, सेल्युलोज. या दोघांची तुलना केली तर यकृतातली औषधं-विषं निचरणारी एन्झाइम्सही बदललेली दिसतात, आणि ती चरबीमुळे की चोथ्यामुळे हे कुणी सांगू शकत नाही. माझ्या पहिल्या यादीचं हेच झालं होतं.

डी१२४९२ चा खरा जोडीदार डी१२४५०जे. त्यात १० टक्के कॅलरी चरबीतून येतात, २० टक्के प्रथिनांतून, आणि साखर दोन्हींत सारखी, सुमारे ७ टक्के. शेवटचं अक्षर नीट पाहा. डी१२४५०बी या खाद्यातही चरबी १० टक्केच आहे, पण साखर ३५ टक्के. ते कंट्रोल घेतलंत तर तुम्ही चरबी आणि साखर यांची झुंज लावलीत. मागणीपत्रावर हे एक अक्षर चुकलं तर चार महिन्यांनी दुरुस्त करता येत नाही.

किती मागवायचं? समजा गटात १० उंदीर, प्रत्येकी दिवसाला साधारण ३ ग्रॅम, १६ आठवडे म्हणजे ११२ दिवस. १० गुणिले ३ गुणिले ११२, झाले ३,३६० ग्रॅम. सांडणं आणि फेकणं धरून पाच किलो मागवा, आणि सगळं एकाच बॅचचं. आयात खाद्याला कस्टममध्ये वेळ लागतो, तो धरून चला. अनेक भारतीय गट हैदराबादच्या एनआयएनचं खाद्य वापरतात. ते चालेल, पण दोन्ही खाद्यं तिथलीच आणि घटक-तक्त्यासकट घ्या.

चरबीचं खाद्य उणे २० अंशांवर ठेवा. पिंजऱ्यातलं आठवड्यातून दोनदा बदला, कारण चरबी खवट झाली की उंदीर कमी खातात आणि वजन वाढत नाही. गोळ्या मऊ असतात, त्यांचा चुरा भुशात पडतो. तो चुरा न मोजता "खाल्लं" म्हणून धरला तर आहाराचे आकडे फुगतात. मी पिंजऱ्याखाली कागद घालून, भुसा चाळून चुरा वेचत असे. कंटाळवाणं काम आहे, पण त्याशिवाय हा हिशेब करता येत नाही: लठ्ठ उंदीर २.५ ग्रॅम खातो, ग्रॅमला ५.२४ किलोकॅलरी, म्हणजे १३.१. कंट्रोल ३ ग्रॅम खातो, ग्रॅमला ३.८५, म्हणजे ११.५५. ग्रॅमने कमी खाणारा कॅलरीने जास्त खातो.

५. ते सोळा आठवडे

दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी वजन घ्या. सोळा आठवड्यांनी लठ्ठ गट साधारण ४० ते ५० ग्रॅमच्या पट्ट्यात जातो, कंट्रोल ३० च्या आसपास राहतो. जनुकं सारखी असूनही एखाद-दुसरा उंदीर लठ्ठ होतच नाही. त्याचं काय करायचं हे आधी लिहून ठेवा. निकाल पाहून त्याला गाळणं म्हणजे निकाल बनवणं.

नर भांडतात. चावे घेतलेल्या उंदराच्या शरीरात सूज असते, आणि लठ्ठपणात तुम्ही नेमकी सूजच शोधत असता. जखमी उंदराची नोंद करा, पिंजऱ्यात घरट्यासाठी कागद द्या, मोठी जखम असेल तर पशुवैद्यांना दाखवा. काळ्या उंदरांना चरबीच्या खाद्यावर त्वचेचे व्रणही जास्त होतात.

वजनावर थांबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे हाडकुळ्या दिसणाऱ्या माणसाला मधुमेह का होतो, हा प्रश्न त्या एका फोटोत मावतो. मी या विषयात आले ती त्यामुळेच. उंदरातही वजन आणि चरबी या दोन गोष्टी आहेत. जवळ ईकोएमआरआय किंवा डेक्सा असेल तर चरबीचं प्रमाण मोजा, नसेल तर विच्छेदनाच्या दिवशी चरबीच्या गाद्या तोलून घ्या.

सोळा आठवडे संपण्याच्या आठवडाभर आधी ग्लुकोज सहनशीलतेची चाचणी करा. सहा तास उपाशी ठेवून ग्लुकोज पोटात टोचायचं आणि ०, १५, ३०, ६०, १२० मिनिटांनी शेपटीच्या थेंबातून साखर मोजायची. नेहमीचा डोस किलोला २ ग्रॅम. त्या हिशेबाने ५० ग्रॅमच्या उंदराला १०० मिलिग्रॅम मिळतात आणि २८ ग्रॅमच्याला ५६. चरबी साखर फारशी वापरत नाही, म्हणून लठ्ठ उंदीर आहे त्याहून आजारी दिसतो. चरबी वगळून उरणाऱ्या वजनावर डोस काढणं जास्त न्याय्य.

६. विच्छेदनाचा दिवस

आदल्या आठवड्यात एक रंगीत तालीम करा. कोण उंदीर आणणार, कोण कापणार, कोण ट्यूबा धरणार, कोण घड्याळ पाहून लिहिणार.

उपवासाचा निर्णय इथे सगळ्यात महत्त्वाचा. रात्रभर उपाशी ठेवलेल्या उंदराचं यकृत चरबी जाळायच्या मार्गावर गेलेलं असतं. अशा यकृतात आहाराचा परिणाम आणि उपासाचा परिणाम यांची खिचडी होते. मी सकाळी खाद्य काढून चार तास थांबते. शिवाय यकृतातली बरीच प्रथिनं दिवसाच्या घड्याळावर वरखाली होतात. सकाळी सगळे कंट्रोल आणि दुपारी सगळे लठ्ठ असं केलंत तर तुम्ही सकाळ-दुपारचा फरक मोजलात. एक कंट्रोल, एक लठ्ठ, पुन्हा एक कंट्रोल, असा क्रम लावा आणि दोन-तीन तासांत उरका. उंदीर जास्त असतील तर दोन दिवस घ्या, दोन्ही दिवशी दोन्ही गट ठेवा.

पोट उघडल्यावर काय दिसतं ते सांगते, कारण पहिल्यांदा पाहताना गोंधळ उडतो. कंट्रोलचं यकृत गडद तपकिरी-लाल, कडा धारदार. लठ्ठ उंदराचं फिकट, पिवळसर, कडा बोथट, आणि चिमट्याने स्पर्श केला की त्यावर तुपकट थर राहतो. वृषणाशेजारची चरबी, म्हणजे एपिडिडायमल गादी, कंट्रोलमध्ये छोट्या पानासारखी असते, लठ्ठात पोटाची पोकळी भरून वर येते. पण सगळ्यात जास्त वजनाच्या उंदरात ही गादी कधीकधी अपेक्षेपेक्षा लहान निघते आणि यकृत प्रचंड मोठं. घाबरू नका, सँपल बदललेलं नाही. त्या गादीची साठवण्याची क्षमता संपली की चरबी यकृतात जाऊ लागते.

कापताना जपायच्या जागा:

- एपिडिडायमल गादी काढताना एपिडिडायमिसचा तुकडा सोबत येऊ देऊ नका. तो आला तर शुक्रजंतूंची प्रथिनं यादीत येतात.
- मांडीजवळच्या त्वचेखालच्या गादीत लिंफची गाठ असते. ती काढून टाका, नाहीतर लिंफोसाइटची प्रथिनं "चरबीतली सूज" म्हणून मिरवतील.
- आतड्यालगतच्या चरबीत स्वादुपिंड पसरलेलं असतं. यादीत अमायलेज, इलास्टेज, ट्रिप्सिनोजेन वर दिसली की समजा, स्वादुपिंड कापून आलंय. माझ्या एका सहकाऱ्याने या तीन नावांवर आठवडाभर वाचन केलं होतं.
- यकृताचा दर वेळी तोच लोब घ्या.

यकृतात रक्त भरपूर असतं. थंड सलाइनने ते धुऊन घेतलं तर हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिनचा गोंगाट कमी होतो. मात्र फॉस्फोरिलेशन (प्रथिनांना फॉस्फेट चिकटणं) पाहायचं असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, कारण रक्तपुरवठा थांबल्यापासून काही मिनिटांत फॉस्फेट हलू लागतात. अवयव हातात आल्यावर तोलायचा, तुकडे करायचे, थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचे. पाचेक छोटे तुकडे वेगवेगळ्या ट्यूबांत ठेवा. एकच मोठा तुकडा ठेवला तर दर वेळी तो वितळवावा लागतो. एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाका, ऊतकाच्या चित्रासाठी लागेल. बाकी सगळं उणे ८० वर.

७. प्रथिनं बाहेर काढणं

यकृतासाठी ४ ते ५ टक्के एसडीएस या डिटर्जंटचा बफर, प्रोटिएज रोखणारी गोळी, होमोजेनायझर, मग सोनिकेशन. एसडीएस नको असेल तर ८ मोलार युरिया, पण युरियातलं सँपल ३७ अंशांच्या वर तापवू नका. तापवलं तर युरियापासून बनणारा सायनेट प्रथिनांना चिकटतो आणि पेप्टाइडांची, म्हणजे प्रथिनांच्या तुकड्यांची, वजनं बदलतात. ट्रायटन किंवा एनपी-४० असलेला वेस्टर्न ब्लॉटचा (एकेक प्रथिन अँटिबॉडीने दाखवणाऱ्या पद्धतीचा) नेहमीचा बफर वापरू नका. ही द्रव्यं मास स्पेकमध्ये पेप्टाइडांना झाकून टाकतात आणि कॉलममधून दिवसेंदिवस निघत राहतात. सुविधेतले लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे.

चरबीच्या ऊतकाचं गणित वेगळं. लठ्ठ उंदराच्या पेशी तेलाने फुगलेल्या असतात, म्हणून १०० मिलिग्रॅममधून कंट्रोलपेक्षा कमी प्रथिन निघतं. लठ्ठ गटाचं ऊतक जास्त घ्या. होमोजेनेट सेंट्रिफ्यूजमध्ये थंड फिरवलं की वर तेलाचा पांढरा थर, खाली गाळ आणि मध्ये स्वच्छ द्रव दिसतो. सुई मधल्या थरात घालून द्रव काढा, थराला हात लावू नका. तरीही तेल येतंच, म्हणून मिथेनॉल-क्लोरोफॉर्मने प्रथिनं साका करून घ्या. त्यात प्रथिनांची पांढरी चकती दोन थरांच्या मध्ये तरंगते. एक ध्यानात ठेवा: पेरिलिपिनसारखी तेलबिंदूच्या कवचाची प्रथिनं त्या वरच्या थरातच बसलेली असतात. तुम्हाला तीच हवी असतील तर थर फेकू नका, वेगळा जपा.

प्रथिनाचं प्रमाण मोजायला बीसीए ही रंगाची चाचणी वापरा, ब्रॅडफर्ड ही दुसरी चाचणी एसडीएसपुढे टिकत नाही. बीसीएला डीटीटी (प्रथिनातले बंध तोडणारं रसायन) चालत नाही, म्हणून डीटीटी मोजणीनंतर घाला. तेल उरलं असेल तर आकडा खोटा वाढतो, म्हणून प्रत्येक सँपलचे १० मायक्रोग्रॅम जेलवर चालवून कुमासीने रंगवा. सगळ्या रांगा सारख्या गडद दिसल्या तर पुढे जा.

८. पचवणं आणि मशीन

डीटीटीने डायसल्फाइड बंध तोडायचे, अंधारात आयोडोअॅसिटामाइडने झाकायचे, एसडीएस काढून टाकायचं आणि ट्रिप्सिन घालायचं. एसडीएस काढायला एस-ट्रॅप, एसपी३ किंवा जुनी फास्प पद्धत चालते. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिननंतर कापतं. ५० भाग प्रथिनाला १ भाग, पीएच ८ च्या आसपास, ३७ अंशांवर रात्रभर. युरिया असेल तर आधी १ मोलारपर्यंत पातळ करा. मग सी१८ कॉलमवर क्षार काढून, सुकवून, ०.१ टक्के फॉर्मिक अॅसिडमध्ये घ्यायचं.

थंडीच्या दिवसांत लोकरीचा स्वेटर घालून हे काम करू नका. मेंढीचं केराटिन यादीत येतं. केस बांधा, हातमोजे वारंवार बदला.

लेबल-फ्री (प्रत्येक सँपल वेगळं चालवणं) की टीएमटी (सँपलांना रासायनिक खुणा लावून एकत्र चालवणं)? दोन गट, आठ-आठ उंदीर असतील तर आज मी लेबल-फ्री डीआयए (मशीन ठराविक पट्ट्यांतली सगळीच पेप्टाइडं तोडून मोजतं ती पद्धत) निवडेन. टीएमटीमध्ये सँपलांची एकत्र मोजणी होते आणि रिकाम्या जागा (एखाद्या सँपलमध्ये प्रथिनाचा आकडाच न मिळणं) कमी पडतात, पण फरक प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतात. एका किटात मावतात त्याहून जास्त सँपल असली की बॅच जोडण्याचं काम वाढतं.

सुविधेला ट्यूबा देताना क्रम तुम्हीच लिहून द्या, मिसळलेला. तिथले तंत्रज्ञ क्रमांकाप्रमाणे चालवतात. १ ते ८ कंट्रोल आणि ९ ते १६ लठ्ठ असतील तर दीड दिवसात कॉलम थकतो आणि तो थकवा "लठ्ठपणाचा परिणाम" म्हणून मोजला जातो. सगळ्या सँपलांतून थोडं-थोडं घेऊन एक मिश्रण बनवा आणि ते दर चार-पाच सँपलांनंतर चालवायला सांगा. मशीन स्थिर होतं का, ते त्यावरून कळतं.

९. डेटा हाती आल्यावर

मॅक्सक्वांट, डीआयए-एनएन, फ्रॅगपाइप ही सॉफ्टवेअर शैक्षणिक कामासाठी मोफत मिळतात. युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसवरून उंदराचा प्रोटिओम (सगळ्या प्रथिनांची यादी) घ्या आणि डाउनलोडची तारीख लिहून ठेवा. एफडीआर, म्हणजे चुकीच्या ओळखींचं प्रमाण, १ टक्का ठेवा. केराटिन, ट्रिप्सिन वगैरे भेसळ गाळा.

यकृतातून चार-पाच हजार प्रथिनं सहज मिळतात. ५,००० प्रथिनांवर ०.०५ च्या पी-व्हॅल्यूने टी-टेस्ट केली तर काहीही फरक नसताना २५० प्रथिनं "बदललेली" निघतील. म्हणून बेंजामिनी-हॉकबर्गची दुरुस्ती करा. परस्यूस किंवा आरमधलं लिमा, दोन्हींत ती आहे.

रिकाम्या जागा भरताना सावध राहा. एखादं प्रथिन एका गटात कुठेच नाही आणि दुसऱ्यात सगळीकडे आहे, ही माहितीच आहे. दोन्ही गटांत अधूनमधून गायब असेल तर त्यावर आकडे भरून निष्कर्ष काढू नका. मार्गांचं विश्लेषण (बदललेली प्रथिनं पेशीतल्या कोणत्या कामाची, हे पाहणं) करताना पार्श्वभूमी म्हणून उंदराची सगळी जनुकं देऊ नका, फक्त तुम्हाला सापडलेली प्रथिनं द्या. नाहीतर यकृताच्या कोणत्याही यादीत "चयापचय" वर येणारच.

आता एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. मशीनवर आपण प्रत्येक सँपलचं सारखंच पेप्टाइड चढवतो. पण लठ्ठ उंदराचं यकृत जवळपास दुप्पट झालेलं असू शकतं आणि त्यात दर ग्रॅममागे प्रथिन कमी असू शकतं. "एन्झाइम बदललं नाही" याचा अर्थ दर मिलिग्रॅम प्रथिनामागे बदललं नाही, एवढाच. अख्ख्या अवयवात ते बरंच वाढलेलं असेल. अवयवाचं वजन आणि एकूण प्रथिन यांचा तक्ता शोधनिबंधात सोबत द्या. तसंच चरबीच्या ऊतकात मॅक्रोफेज घुसतात. त्यांचं गॅलेक्टिन-३ वाढलेलं दिसलं तर चरबीच्या पेशीने ते बनवायला सुरुवात केली असं नाही, ऊतकातली वस्ती बदलली.

१०. यादीवर विश्वास ठेवण्याआधी

काही ओळखीचे चेहरे शोधा. यकृतात पेरिलिपिन-२ वाढलेलं हवं, तेलबिंदू वाढले की ते वाढतं. पेरॉक्सिसोममध्ये चरबी जाळणारी एन्झाइम्स सहसा वर असतात. मोठी मूत्रप्रथिनं, म्हणजे एमयूपी, लठ्ठ उंदरात कमी होतात, पण ती एकमेकांसारखी इतकी असतात की सॉफ्टवेअर त्यांना गटाने दाखवतं, एकेकट्याचं नाव छातीठोकपणे घेऊ नका. चरबीत कार्बोनिक अॅनहायड्रेज-३ खाली, मॅक्रोफेजच्या खुणा वर.

फॅटी अॅसिड सिन्थेस पाहून नवे लोक गोंधळतात. चरबी वाढली म्हणजे चरबी घडवणारं एन्झाइमही वाढलं असणार असं वाटतं, आणि ६० टक्के चरबीच्या खाद्यावर ते बहुधा खाली सापडतं. उंदराला तयार चरबीच मिळतेय, घडवायची गरज काय? तुमचा निकाल बरोबर आहे.

यातलं काहीच दिसलं नाही तर शोधनिबंध लिहायला बसू नका. वजनं, ग्लुकोज चाचणी आणि लेबलं पुन्हा तपासा.

मग तीन-चार प्रथिनं निवडून वेस्टर्न करा, शक्यतो प्रयोगात न वापरलेल्या उंदरांच्या ऊतकावर. लोडिंग कंट्रोल (सगळ्या रांगांत सारखं प्रथिन आहे का ते दाखवणारं प्रथिन) म्हणून गॅपडीएच नको. ते ग्लुकोजच्या मार्गातलं एन्झाइम आहे आणि इन्सुलिनबरोबर हलतं. पडद्यावर पॉन्सोचा लाल रंग देऊन अख्ख्या रांगेतलं प्रथिन मोजा आणि तो फोटो जपा, परीक्षक मागतात.

मूळ रॉ फाइली प्राइड या सार्वजनिक संग्रहात जमा कराव्या लागतात. तिथे प्रत्येक फाइल कोणत्या उंदराची हे सांगावं लागतं, आणि सुविधेकडून येणाऱ्या फाइलींची नावं "सँपल१_नवीन_पुन्हा" अशी असतात. फाइल, ट्यूब, उंदीर, पिंजरा, गट आणि विच्छेदनाची वेळ अशा सहा रकान्यांचा तक्ता पहिल्या दिवसापासून भरत जा, आणि त्याची एक छापील प्रत उणे ८० च्या दाराला आतून नाही, बाहेरून चिकटवा. आतली शाई बर्फात उडते.